बिझनेस क्लासचं तिकीट काढण्याआधी : मुळशीकरांसाठी झोपेचा हिशेब

मुळशी तालुक्यातून परदेशी निघणारा प्रवासी आता एका साच्याचा राहिलेला नाही. हिंजवडी-माणच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधला अभियंता कामासाठी जातो. पिरंगुटचा कारखानदार यंत्रं पाहायला जर्मनीतल्या प्रदर्शनाला जातो. लवळ्याच्या सिंबायोसिस आणि फ्लेम विद्यापीठांतले प्राध्यापक परिषदांना जातात. आणि या सगळ्यांपेक्षा अधिक काळजीने निघतं ते बावधन, भूगाव, भुकूमच्या सोसायट्यांमधलं निवृत्त जोडपं, ज्यांची मुलं न्यू जर्सीत नाहीतर म्युनिकमध्ये आहेत. पूर्वी तिकीट म्हटलं की इकॉनॉमीचंच, असं गृहीत असायचं. आता मुलगा किंवा मुलगी फोनवर सहज म्हणते, ‘बाबा, या वेळी बिझनेसनेच या.’ मग घरात चर्चा सुरू होते. एवढे पैसे घालायचे का? लाउंजमध्ये जेवण फुकट मिळतं म्हणे, ते खरं का? पाय सुजणार नाहीत ना? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा जाहिरातीतल्या छायाचित्रांवरून दिली जातात, आणि पैसे चुकीच्या जागी खर्च होतात ते तिथेच.

बिझनेस क्लासमध्ये आपण मुख्यतः झोप विकत घेतो, हे एकदा पक्कं केलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. हा वर्ग विमानांत आला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा तो म्हणजे थोडी रुंद खुर्ची, जरा बरं जेवण आणि वेगळी रांग, एवढंच होतं. पूर्ण सपाट होणारी खुर्ची या वर्गात आणली ती ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनाही ती आणावी लागली, कारण रात्रभर आडवं होता येणं आणि न येणं यांत जो फरक आहे तो चांदीच्या काट्या-चमच्यांनी भरून निघत नाही. तेव्हा तिकिटाच्या दोन किमतींमधला फरक समोर आला की विचारायचं ते इतकंच : या पैशांत रात्रीची किती तास सलग झोप मिळणार आहे, आणि ती मला पोहोचल्यावर खरोखर लागणार आहे का? विमानातलं आणि लाउंजमधलं बाकी सगळं त्या झोपेला मदत करतं की तिच्या आड येतं, एवढ्यापुरतंच महत्त्वाचं.

मुळशीकरांना हा हिशेब मुंबईकरांपेक्षा वेगळा मांडावा लागतो, कारण आपला प्रवास विमानात सुरू होत नाही, पौड रस्त्यावर सुरू होतो. एके काळी पुण्याहून थेट युरोपला जाण्याची सोय होती. लुफ्थान्साने २००८ साली लोहगावहून फ्रँकफर्टची सेवा सुरू केली. प्रिव्हॅटएअर या स्वित्झर्लंडच्या कंपनीचं लहान विमान त्यासाठी वापरलं जाई आणि सुरुवातीला त्यातल्या सगळ्या जागा बिझनेस क्लासच्याच होत्या. चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांच्या प्रवाशांवर ती सेवा चालली. २०१८मध्ये ती बंद झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रिव्हॅटएअरनेच दिवाळं काढलं. लोहगावला जुलै २०२४पासून नवं टर्मिनल वापरात आलं खरं, पण विमानतळ हवाई दलाचा आणि धावपट्टी आखूड, त्यामुळे अमेरिका-युरोपची मोठी विमानं तिथून भरलेल्या टाक्यांनिशी उडत नाहीत. म्हणजे लांबच्या प्रवासासाठी आजही बहुतेकांना मुंबईत सहारचं टर्मिनल २ गाठावं लागतं. पौडहून ते दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. भूगावचा अरुंद रस्ता, चांदणी चौक, बाह्यवळण, मग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, त्यात खंडाळ्याचा घाट आणि शेवटी चेंबूरपासूनची मुंबई. रस्ता मोकळा असेल तर चार तास, नाहीतर सहा. रविवारी संध्याकाळी निघायचं असेल तर दुहेरी अडचण होते. पावसाळ्यात ताम्हिणी आणि मुळशी धरणावरून परतणाऱ्या गाड्या पिरंगुट-भूगावला कोंडी करतात आणि लोणावळ्याहून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या घाटात. कोळवण-तिकोनापेठ-पवनानगरवरून कामशेतला निघणारा रस्ता दिवसा सोयीचा आहे, पण रात्री आणि भर पावसात वयस्क माणसांना घेऊन त्या वाटेने जाऊ नये.

आता एका रात्रीचा हिशेब जवळून पाहू. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा, फ्रँकफर्टचं विमान पहाटे पावणेतीनला आहे आणि उड्डाण नऊ तासांचं. अकराच्या सुमारास टर्मिनलवर पोहोचायचं तर पौडहून साडेपाचला निघावं लागेल. म्हणजे विमान सुटतं तेव्हा आपण घराबाहेर पडून नऊ तास झालेले असतात आणि शरीराची झोपेची वेळ कधीच टळलेली असते. विमान वर गेल्यावर सव्वातीनच्या सुमारास जेवण सुरू होतं. बिझनेस क्लासमध्ये ते एका ताटात येत नाही, एकामागून एक पदार्थ येतात, टेबलावर कापड अंथरलं जातं, पुन्हा पुन्हा विचारलं जातं. आग्रह मोडवत नाही. ताट उचलेपर्यंत साडेचार होतात. खुर्ची सपाट करून पांघरूण घेईपर्यंत पाच. उतरण्याच्या दोन तास आधी, म्हणजे पावणेदहाला, दिवे लागतात आणि न्याहारी येते. हाती लागली पावणेपाच तासांची झोप, तीही भरल्या पोटी. हाच प्रवासी लाउंजमध्ये बारा वाजता हलकं जेवून विमानात चढला, बसल्या बसल्या हवाई सुंदरीला ‘जेवणासाठी उठवू नका’ असं सांगितलं आणि सव्वातीनला आडवा झाला, तर त्याला साडेसहा तास मिळतात. न्याहारीही सोडली तर साडेसात. तिकीट तेच, खुर्ची तीच. दोन वर्गांतला फरक एका बाजूचा एक लाख रुपये धरला, तर पहिल्याला तासाची झोप एकवीस हजारांना पडली, दुसऱ्याला साधारण पंधरा हजारांना. लाउंजचा खरा उपयोग हा आहे. तिथलं जेवण फुकट असतं म्हणून ते मोलाचं नाही. ते जमिनीवर मिळतं आणि त्यामुळे आकाशातली रात्र मोकळी राहते, म्हणून मोलाचं.

म्हणून लाउंजमध्ये काय करायचं हे आधी ठरवून जावं. बॅगा देऊन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकून आत गेलात की प्रवेशाच्या टेबलावरच अंघोळीची सोय आहे का ते विचारा आणि असेल तर लगेच नाव नोंदवा. शॉवरच्या खोल्या मोजक्या असतात आणि मध्यरात्री सगळ्यांनाच त्या हव्या असतात. घाटातला घाम आणि धूळ धुऊन, कॅबिन बॅगेत ठेवलेला सैल सुती कपड्यांचा जोड तिथेच घाला, म्हणजे विमानाच्या चिंचोळ्या स्वच्छतागृहात ती कसरत करावी लागणार नाही. मग जेवा, पण लग्नाच्या पंगतीसारखं जेवू नका. वरण-भात, दही, एखादी भाजी पुरे. रात्री दहानंतर चहा-कॉफी नको. दारूही नको. ती फुकट मिळते म्हणून घेतली जाते, आणि तिने डोळा लागला तरी झोप तुटक होते. रात्रीची औषधं पाण्याबरोबर इथेच घ्या, बाटली भरून घ्या, फोन चार्ज करा. सोफ्यावर मात्र डुलकी काढू नका. त्या डुलकीने विमानातली गाढ झोप बिघडू शकते. शिवाय लाउंजमध्ये बहुधा उद्घोषणा होत नाहीत. तुमचं विमान तुम्हालाच पडद्यावर पाहावं लागतं. गेट लांब असू शकतं, तेव्हा बोर्डिंग सुरू होण्याच्या वेळेला पंधरा मिनिटं ठेवून उठा. विमानात पांघरुणावरून पट्टा बांधून झोपा, म्हणजे हादरे बसले तरी पट्टा तपासायला कुणी उठवणार नाही.

लाउंजचा प्रवेश तिकिटात आहेच, असं मात्र धरून चालू नका. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी बिझनेस क्लासचेही स्वस्त प्रकार काढले आहेत. एमिरेट्सच्या ‘स्पेशल’ आणि कतारच्या ‘लाइट’ भाड्यात सपाट खुर्ची मिळते, पण लाउंज त्यात धरलेलं नसतं. तिकीट शोधताना पडद्यावर सगळ्यात वर दिसतं ते बऱ्याचदा हेच भाडं. उलट बाजूने पाहिलं तर इकॉनॉमीच्या प्रवाशालाही लाउंजचे दोन-तीन रस्ते मोकळे आहेत. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड सदस्यत्व असेल तर कुठल्याही वर्गातून जाताना लाउंज मिळतं, बरोबर त्याच विमानातला एक सोबतीही नेता येतो. एअर इंडिया, लुफ्थान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्स या तिन्ही त्यात आहेत, त्यामुळे कामासाठी सतत फिरणाऱ्या अभियंत्याला हे सदस्यत्व आपसूक मिळून जातं. दुसरा रस्ता क्रेडिट कार्डाचा. इथे एक मेख आहे : आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवरच्या मोफत फेऱ्या फक्त देशांतर्गत लाउंजच्या असतात. इमिग्रेशननंतरचं लाउंज आंतरराष्ट्रीय धरलं जातं आणि त्यासाठी प्रायॉरिटी पाससारखं वेगळं सदस्यत्व लागतं. शिवाय आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच फेरी मोफत, अशी अट आता अनेक बँकांनी घातली आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेच्या ॲपमध्ये हे तपासा. सहारच्या काउंटरवर मध्यरात्री बँकेशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तिसरा रस्ता, दारात पैसे भरून आत जाणं. इकॉनॉमीने जाणाऱ्यालाही अंघोळ, हलकं जेवण आणि सैल कपडे यांचा फायदा होतोच, तेव्हा बिझनेसचं तिकीट परवडत नसेल त्याने एवढा खर्च जरूर करावा. लाउंज आणि सपाट खुर्ची या दोन्ही गोष्टी एकत्र विकल्या जातात, म्हणून एकत्रच घ्याव्या लागतात असं नाही.

झोपच विकत घ्यायची तर खाट कशी आहे हे पाहायला नको का? ‘बिझनेस क्लास’ या दोन शब्दांखाली फार वेगवेगळ्या खुर्च्या विकल्या जातात. एअर इंडियाच्या जुन्या बोइंग ७७७मध्ये बिझनेस क्लासची मांडणी २-३-२ आहे. मधल्या तिघांतल्या मधल्याला उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. याच कंपनीच्या एअरबस ए-३५०मध्ये मांडणी १-२-१ आहे, म्हणजे प्रत्येकाला थेट वाट. लुफ्थान्साच्या जुन्या विमानांत २-२-२, तर २०२४पासून आलेल्या ‘ॲलेग्रिस’ खुर्च्यांचा प्रकार निराळा. म्हणून पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार आणि सीट मॅप दोन्ही उघडून पाहा. एकटे असाल तर १-२-१मधली खिडकीची जागा घ्या, जोडपं असेल तर मधल्या दोन. नाहीतर आयुष्यभर शेजारी झोपलेली माणसं सोळा तास एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत, आणि वयस्क प्रवाशांना त्याचाच अधिक त्रास होतो. ऐन वेळी विमान बदलू शकतं, हेही लक्षात असू द्या. खुर्चीच्या प्रकाराची हमी कुठलीच कंपनी देत नाही.

याच कसोटीवर मार्गही निवडता येतो. दुबईवरून जाणारं तिकीट बहुधा स्वस्त असतं. पण मुंबई-दुबई उड्डाण तीन तासांचं. त्यात जेवण आणि चढ-उतार वजा जाता झोप दीड तासाचीच होते, आणि मग पहाटे दुबईत उतरून दुसरं विमान धरायचं. पुढचा टप्पा लांबचा असतो, पण तो दिवसाउजेडी सुरू होतो. म्हणजे खाट मिळते तेव्हा रात्र नसते आणि रात्र असते तेव्हा खाट नसते. तिथे बिझनेस क्लास घ्यायचाच असेल तर तो फक्त लांबच्या टप्प्यासाठी घ्यावा. मुंबईहून नेवार्क किंवा न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान सोळा तासांच्या आसपास घेतं आणि मध्यरात्रीनंतर निघतं. ज्यांना एकदाच आयुष्यात बिझनेस क्लास परवडणार आहे, त्यांनी तो या उड्डाणावर खर्च करावा. युरोपहून परतीचं गणित पुन्हा उलटं आहे. ती विमानं तिकडून दुपारी निघून मुंबईत मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. दिवसाढवळ्या आठ-नऊ तास बसण्यासाठी सपाट खुर्चीचे पैसे देण्यात अर्थ नाही. जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी किंवा प्रीमियम इकॉनॉमी, असं एकाच परतीच्या तिकिटात बसवता येतं. संकेतस्थळावर दिसलं नाही तर एजंटला सांगा, तो काढून देतो. अपग्रेडसाठी बोली लावण्याची सोयही बऱ्याच कंपन्या देतात. तिथेही फक्त रात्रीच्या टप्प्यावर बोली लावा, आणि बोली लागली तरी सामानाची मुभा मूळ तिकिटाचीच राहते का, हे वाचून घ्या. बिझनेसमध्ये साधारणपणे बत्तीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्या भरवशावर लोणच्याच्या बरण्या आणि भाजणी भरलीत आणि मुभा तेवीस किलोचीच निघाली, तर काउंटरवर बॅग उघडावी लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो रास्तही आहे : हे सगळं मान्य, पण एका रात्रीच्या झोपेला लाखभर रुपये? पस्तिशीच्या धडधाकट माणसाला माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. त्याने इकॉनॉमीने जावं, एक दिवस आधी पोहोचावं, हॉटेलात आठ तास झोपावं. बिझनेसच्या भाड्यातल्या फरकात अशा कितीतरी रात्री होतात. मात्र सकाळी सातला उतरून दहाला बैठकीत बसायचं असेल आणि त्या बैठकीत कोटींचा करार व्हायचा असेल, तर कंपनीने भाडं द्यावं, त्यात उधळपट्टी नाही. पिरंगुटच्या लघुउद्योजकाने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीखेरीज इतर वर्गांच्या तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. प्रवास धंद्याच्या कामाचा असेल आणि तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला असेल, तर या कराचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. नंतर क्रमांक घालायला गेलात तर धावपळ होते. घरगुती प्रवासात ती सवलत नाही, हे अठरा टक्के खिशातूनच जातात.

दुसरी गोष्ट आक्षेपापेक्षा भीती आहे, आणि ती आई-वडिलांच्या बाबतीत मुलांना सर्वाधिक छळते. इकॉनॉमीत पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून बिझनेसच हवा, असं ठामपणे सांगितलं जातं. पुरावा तसं म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘राइट’ या प्रकल्पाचे निष्कर्ष २००७मध्ये आले. चार तासांपेक्षा जास्त प्रवासात अशा गुठळ्यांचा धोका साधारण दुपटीने वाढतो, पण निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो. आणि कारण आहे न हलता बसून राहणं, मग ते विमानात असो, बसमध्ये की मोटारीत. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांतही इकॉनॉमी वर्गच याला कारणीभूत ठरतो, असा निर्णायक पुरावा नसल्याचं म्हटलं आहे. खिडकीशी बसणारा कमी उठतो, म्हणून त्याला धोका जास्त. मुळशीकराने यातून घ्यायचं ते असं : पौड ते सहार हे चार-सहा तासही बसण्यातच मोजायचे. खालापूरच्या फूड मॉलवर वडापावसाठी नव्हे, दहा मिनिटं चालण्यासाठी थांबा. लाउंजमध्येही जेवण झाल्यावर फेऱ्या मारा. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच वर्गाने निघू नये. हवाही सगळ्यांना सारखीच मिळते. विमानाच्या आतला दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा असतो आणि हवा कोरडी असते. त्यात बिझनेस क्लासने काही फरक पडत नाही, पाणी पीत राहिल्याने पडतो.

तसंच व्हीलचेअरचं. सहारला अर्धा-पाऊण किलोमीटर चालावं लागेल, इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतील, या धास्तीने आई-बाबांना बिझनेसचं तिकीट काढून दिलं जातं. ज्यांना चालवत नाही त्यांना व्हीलचेअर कुठल्याही वर्गात मिळते, फक्त तिकिटावर किमान दोन दिवस आधी नोंद हवी. इमिग्रेशनच्या रांगेचा त्रास वाचवायचा असेल तर केंद्र सरकारचा जलद इमिग्रेशनचा विश्वासू प्रवासी कार्यक्रम आहे. जून २०२४मध्ये तो दिल्लीत सुरू झाला आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबईतही आला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक त्यात मोफत नाव नोंदवू शकतात. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद एकदा झाली की ई-गेटमधून जाता येतं. त्यासाठीही भारी तिकीट लागत नाही. मग सत्तरीच्या आई-बाबांसाठी बिझनेस क्लास कशाला? पुन्हा झोपेसाठीच. वयाबरोबर झोप उथळ होते, बसल्या जागी ती लागतच नाही, आणि न झोपलेल्या सोळा तासांनंतर नव्या देशात औषधांच्या वेळा चुकतात, तोल जातो, आठवडाभर दिवस-रात्रीचा घोळ सुरू राहतो. गुडघे आणि पाठ दुखणाऱ्या माणसाला आडवं होता येणं ही चैन नव्हे. माझ्या मते मुलांनी पैसे साठवून एखाद्या प्रवासाला हे तिकीट काढावं असा सर्वांत योग्य प्रसंग हाच, आणि अमेरिकेसाठी जाताना-येताना दोन्ही वेळा. मात्र खुर्ची सपाट करायची बटणं चढल्याबरोबर दाखवून घ्या, शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद किमान एक दिवस आधी करा, आणि इन्शुलिन किंवा रक्तदाबाची औषधं हातातल्या पिशवीतच असू द्या. वेळेच्या फरकाने इन्शुलिनचं वेळापत्रक कसं हलवायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

तिसरा आक्षेप तरुण वाचक घेतील आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. सपाट खुर्ची जास्त जागा व्यापते, म्हणून त्या प्रवाशाच्या वाट्याला इंधनही जास्त येतं. ब्रिटिश सरकार कार्बनच्या हिशेबासाठी जे गुणक वापरतं, त्यांत लांबच्या उड्डाणात बिझनेस क्लासचा प्रवासी इकॉनॉमीतल्या प्रवाशाच्या २.९ पट धरला जातो. याला प्रत्युत्तर नाही, हिशेब खरा आहे. पण वर सांगितलेली कसोटी लावली तर परतीचा दिवसाचा टप्पा, दुबईचे तीन तास, पस्तिशीतल्या माणसाची हौस, हे सगळं आपोआप गळून जातं. उरतो तो वयस्कर माणसाचा किंवा खरोखर निकडीच्या कामाचा रात्रीचा प्रवास. तेवढा भार मला समर्थनीय वाटतो, त्याहून जास्त नाही.

आता पुन्हा रस्त्याकडे वळू. घाटच टाळायचा असेल तर लोहगावहून संध्याकाळच्या विमानाने दिल्ली आणि तिथून पुढे, हाही पर्याय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वयस्क माणसांसाठी तो विचारात घ्यावा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत, बॅगा पुण्यातच शेवटच्या ठिकाणापर्यंत लागाव्यात. म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढून वाचवलेले चार हजार रुपये एका चुकलेल्या विमानात बुडतात. पौडहून लोहगाव म्हणजे सगळं पुणे ओलांडायचं, तेव्हा त्यालाही संध्याकाळी दोन तास धरा.

परतीच्या प्रवासाकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. मुंबईत रात्री एक वाजता उतरून, बॅगा घेऊन अडीचला गाडीत बसलेला प्रवासी मागच्या सीटवर डोळे मिटतो आणि गाडी पहाटे चारला घाट चढत असते. गाडी सांगताना भाड्याची घासाघीस करण्याआधी विचारा, की ड्रायव्हर दुपारी झोपून येणार आहे का. तो दिवसभर दुसरी फेरी करून येणार असेल, तर दुसरी गाडी सांगा किंवा अंधेरीत रात्र काढून सकाळी निघा.